बेटावरील मिरासदार : भूचर भुंगेऱ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जो प्राणी उडू शकत नाही, दिवसाउजेडी दगडाखालून बाहेर पडत नाही, ज्याच्या अंगी फुलपाखराचे रंग नाहीत की काजव्याचा प्रकाश नाही, आणि ज्याच्यापासून मनुष्याला होणारा नफा किंवा तोटा रुपये-आण्यांत मांडून दाखविण्याजोगा नाही, अशा एका काळ्या किड्यावर सबंध पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला तर त्यात वावगे काहीच नाही. प्रस्तावनेचे पहिले काम या प्रश्नाला उत्तर देण्याचे आहे, आणि ते उत्तर थोडक्यात असे : समुद्राने वेढलेल्या भूमीवर जीवसृष्टीचा कारभार कोणाच्या बळावर चालतो आणि तो मोडतो तेव्हा नेमके काय मोडते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने बेटावरच्या पक्ष्यांकडे व वृक्षराजीकडे पाहण्याआधी, रात्रीच्या वेळी जमिनीलगत सहा पायांवर गस्त घालणाऱ्या या प्राण्याकडे पाहावे. उत्क्रांतिविचारातील एक महत्त्वाचा वाद याच्याच नाहीशा झालेल्या पंखांवरून झाला. आणि मनुष्याने जहाजांतून बेटोबेटी नेलेल्या उपद्रवांची कैफियतही याच प्राण्याच्या नशिबात सर्वांत स्पष्टपणे वाचावयास मिळते.

कीटकशास्त्रज्ञ ज्यांना कॅरॅबिडी या कुलात घालतात ते हे भूचर भुंगेरे. नामकरण झालेल्या त्यांच्या जाती सुमारे ४०,००० आहेत, आणि उत्तर ध्रुवाकडील उजाड टुंड्रापासून विषुववृत्तावरील अरण्यांपर्यंत त्यांचा वावर नाही असा मुलूख क्वचितच सापडेल. अंगलट सडपातळ, पाय लांब व धावण्याला योग्य, जंभ पुढे काढलेले आणि तीक्ष्ण, आणि पाठीवरच्या कठीण ढालपंखांवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या समांतर रेघा, असे त्यांचे सर्वसाधारण रूप. भिंग घेऊन पुढचा पाय तपासला तर नळीच्या आतील बाजूस केसाळ किनारीची एक बारीक खाच दिसते. चालता चालता भुंगेरा मध्येच थांबतो, आपली शृंगिका त्या खाचेत अडकवून मुळापासून टोकापर्यंत ओढून घेतो आणि तिच्यावरची माती झाडून टाकतो, कारण अंधारात भक्ष्याचा, जोडीदाराचा व शत्रूचा सुगावा त्याला डोळ्यांपेक्षा त्या शृंगिकेनेच अधिक लागावयाचा असतो. मागच्या पायांचा बुंधा असा जाड व फुगीर असतो, की पाचरीसारखे अंग पालापाचोळ्यात किंवा दगडाखालच्या फटीत घुसवून ते रेटण्याचे बळ त्याला मिळते. पोटाच्या शेवटी आम्लाच्या ग्रंथी असतात, आणि त्याला चिमटीत धरण्याचा अविचार करणाराला त्यांचा प्रत्यय तत्काळ येतो. आपल्या दख्खनच्या माळरानावर आढळणारा, काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके मिरविणारा अँथिया सेक्सगटाटा हा याच कुलातला असून त्यालाही उडता येत नाही. हिंदुस्थानातील या कुलाची शास्त्रीय मोजदाद करण्याचे मोठे काम एच. ई. अँड्रूज यांनी केले, आणि त्यांचे दोन खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९२९ व १९३५ साली प्रसिद्ध झाले. परंतु प्रस्तुत अभ्यासाचा विषय खंडांवरचा भुंगेरा नसून बेटांवरचा आहे, आणि बेटावर गेल्यावर या प्राण्याचे जे होते ते खंडावर राहून कळण्यासारखे नाही.

बेटावर तो पोहोचतो कसा, याचे उत्तर फारसे गूढ नाही. वाऱ्याच्या झोतात सापडलेला एखादा पंखवाला पूर्वज, किंवा नदीच्या पुराने समुद्रात लोटलेल्या ओंडक्याच्या सालीखाली दडलेली एखादी गाभण मादी, हजारो वर्षांतून एकदा जरी किनाऱ्याला लागली तरी पुरते. कारण ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटाचे आयुष्य लक्षावधी वर्षांत मोजावयाचे असते. खरे कोडे पोहोचल्यानंतरचे आहे. जो पंखांच्या जोरावर आला त्याच्याच वंशजांचे पंख पुढे खुरटतात, ढालपंखांची मधली शिवण सांधून जाते, आणि वंशच्या वंश जमिनीला खिळून राहतो. अशा एखाद्या भुंगेऱ्याचे जडून गेलेले ढालपंख सुईच्या टोकाने अलगद विलग केले, तर जेथे घडी घातलेला, शिरांनी विणलेला, अंगाहून लांब पारदर्शक पंख असावयाचा तेथे एक निरुपयोगी, इवलासा पापुद्रा तेवढा चिकटलेला आढळतो. पूर्वजांच्या उड्डाणाचा तेवढाच दाखला शरीरात शिल्लक असतो.

या गोष्टीकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते टॉमस व्हर्नन वॉलस्टन या इंग्रज गृहस्थाने. फुप्फुसाच्या विकारामुळे इंग्लंडचा हिवाळा त्याला मानवत नसे; हवापालटासाठी तो १८४७ पासून अटलांटिक महासागरातील मदीरा बेटावर जाऊ लागला, आणि औषधपाण्याच्या निमित्ताने मिळालेला तो वेळ त्याने दगड उलथून त्यांखालचे भुंगेरे वेचण्यात घालविला. ‘इन्सेक्टा मादेरेन्सिया’ हा त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नोंदींतून निघालेले आकडे चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात दाखल केले : मदीरावरील भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींचे पंख इतके अपुरे, की त्यांना उडता येत नाही, आणि त्या बेटापुरत्याच मर्यादित असलेल्या २९ प्रजातींपैकी २३ प्रजातींतील झाडून साऱ्या जातींची हीच अवस्था. डार्विनचे अनुमान असे, की वादळी बेटावर जो वारंवार उडतो तो समुद्रात फेकला जाऊन मरतो, आणि ज्याचे पंख जन्मतःच थोडे उणे किंवा ज्याचा स्वभावच थोडा सुस्त तो मागे राहून प्रजा वाढवितो. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला म्हणजे पंख नाहीसे व्हावयाचेच. ज्या कीटकांना फुलांवर पोट भरावयाचे असल्यामुळे उडण्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांचे पंख त्याच बेटावर खुरटण्याऐवजी अधिक मोठे झालेले आढळतात, हेही त्याने नमूद केले. गंमत अशी, की ज्याने हा पुरावा गोळा केला त्या वॉलस्टनला डार्विनचा सिद्धान्त अखेरपर्यंत पटला नाही, आणि १८६० साली त्याने त्यावर प्रतिकूल परीक्षण लिहिले. पुरावा जमविणारा एक आणि त्याचा निवाडा करणारा दुसरा, असे शास्त्राच्या दरबारात अनेकदा घडते.

तथापि वाऱ्याचे हे स्पष्टीकरण कितीही मनोवेधक असले तरी ते पुरे पडत नाही, हे पुढच्या शतकात हार्वर्ड येथील फिलिप डार्लिंग्टन या भूचर भुंगेऱ्यांच्याच अभ्यासकाने दाखवून दिले. बेटांवरच्या आणि डोंगरमाथ्यांवरच्या कॅरॅबिडींची तुलना करणारा त्याचा दीर्घ निबंध १९४३ सालचा. समुद्र नसलेल्या पर्वतशिखरांवरही पंखहीन जातींचे प्रमाण मोठे असते, आणि दाट अरण्यात, जेथे वारा जमिनीपर्यंत पोहोचतही नाही, तेथेही पंखहीन भुंगेरे मुबलक असतात, हे त्याने मांडले. स्वीडनमधील कार्ल लिंड्रोथ याने तर एकाच जातीत लांब पंखांचे व आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार नांदतात आणि हा भेद आनुवंशिक असतो, हे दाखविले. या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा, की पंख आणि ते हलविणारे स्नायू यांचा खर्च शरीराला भारी पडतो; जेथे ओलावा, आसरा आणि भक्ष्य वर्षानुवर्षे एकाच जागी मिळते तेथे हा खर्च वाया जातो, आणि तो वाचविणारी मादी ती शिल्लक अंड्यांकडे वळविते.

आपल्या जुन्या जमीनमहसुलाच्या दप्तरांत मिरासदार आणि उपरी असे रयतेचे दोन वर्ग आढळतात. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क; तो गावाला आणि गाव त्याला बांधलेले. उपऱ्याला हक्क नाही, पण बंधनही नाही; सारा जड झाला किंवा पाऊस फसला, की तो बैल जुंपून दुसऱ्या गावी निघून जातो. पंख असलेला भुंगेरा उपऱ्याच्या वृत्तीने जगतो : डबके आटले तर दुसरे शोधावे, शेत नांगरले गेले तर पलीकडच्या बांधावर जावे. पंख टाकलेला भुंगेरा बेटाचा मिरासदार होतो. भूमीचा कानाकोपरा त्याच्या अंगवळणी पडतो, तिच्या ऋतूंप्रमाणे त्याचे आयुष्य बेतले जाते, आणि त्या बदल्यात संकटाच्या काळी गाव सोडून जाण्याची मुभा तो कायमची गमावितो. या अभ्यासाचे सारे सूत्र एवढ्याच देवघेवीत आहे.

या मिरासदाराचे आयुष्य आता थोडे जवळून पाहू. मादी ओलसर मातीत अंडी घालते. काही जातींत ती प्रत्येक अंड्यासाठी मातीचा कप्पा तयार करते, आणि न्यूझीलंडमधील काही मोठ्या जातींत तर ती अंड्यांची राखणही करते. अंड्यातून निघणारी अळी लांबट, चपळ आणि पहिल्या दिवसापासून शिकारी असते. बहुतेक जातींत अळीच्या तीन अवस्था होतात. तिसऱ्या अवस्थेच्या अखेरीस ती मातीत एक पोकळी करून तीत कोषावस्थेत जाते. कोषातून बाहेर पडलेला प्रौढ भुंगेरा प्रथम फिकट व मऊ असतो, आणि काही दिवसांत त्याचे कवच कठीण होऊन काळवंडते. थंड प्रदेशांतील पुष्कळ जातींचे प्रौढ एकाहून अधिक वर्षे जगतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण ज्याचे आयुष्य दीर्घ आणि संतती बेताची, त्याच्या वंशाला अकस्मात आलेले नुकसान भरून काढण्यास वेळ लागतो.

आहाराच्या बाबतीत हे कुल प्रायः मांसाहारी आहे, जरी त्यातील काही शाखा बियांवर निर्वाह करतात. सुरवंट, माश्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगायी, मेलेले किडे, जे जमिनीवर सापडेल ते ही मंडळी खातात, आणि पुष्कळ जाती पाचकरस भक्ष्यावर ओकून ते शरीराबाहेरच अर्धे पचवून मग शोषून घेतात. जपानमधील डॅमॅस्टर ब्लॅप्टॉइडीस हा भुंगेरा या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तो उडत नाही आणि गोगलगायींवर जगतो. मुख्य बेटांवरच्या त्याच्या बहुतेक प्रकारांचे डोके व मान लांब आणि अरुंद असतात. शंखाच्या तोंडातून ती थेट आत खुपसून, आतल्या वळणांत मागे मागे सरकत जाणाऱ्या गोगलगायीला गाठून तो तिला फस्त करतो. सादो बेटावरच्या प्रकाराचे डोके मात्र रुंद आणि जंभ दणकट. त्याला शंखात शिरणे कठीण, म्हणून तो शंखाची कडाच चावून फोडीत आत जातो. अरुंद डोक्याला फोडण्याचे बळ नाही, रुंद डोक्याला शिरण्याची सोय नाही, आणि मध्यम डोक्याला यांपैकी काहीच धड साधत नाही, हे जपानी संशोधकांनी प्रयोगांनी दाखविले आहे. समुद्राची एक सामुद्रधुनी मध्ये आली, की एकाच वंशाच्या दोन शाखा दोन निराळ्या हत्यारांनी लढू लागतात. 

बेटाच्या जीवव्यवस्थेत या प्राण्याचे स्थान खंडावरच्यापेक्षा वरचे असते, आणि त्याचे कारण इतरांच्या गैरहजेरीत आहे. महासागरी बेटांवर चिचुंद्र्या पोहोचत नाहीत, बेडूक पोहोचत नाहीत, सापही सहसा पोहोचत नाहीत. हवाई बेटांवर तर मूळच्या मुंग्याच नव्हत्या. खंडावर जमिनीलगतची शिकार या सर्वांत वाटली जाते. बेटावर तिचा मोठा हिस्सा कोळ्यांच्या आणि भुंगेऱ्यांच्या वाट्याला येतो. पाला खाणाऱ्या सुरवंटांची आणि कुजत्या पाल्यातील अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, मेलेल्या जीवांची विल्हेवाट लावणे, आणि स्वतः पक्ष्यांचे भक्ष्य होऊन ते सत्त्व वरच्या पायरीवर पोहोचविणे, अशी तिहेरी जबाबदारी त्यांच्यावर पडते. रिकाम्या जागा पुष्कळ आणि वाटेकरी थोडे, म्हणून एकाच पूर्वजापासून त्यांच्या जाती फुटण्याचा वेगही विलक्षण असतो. हवाई बेटांवरील मेसिक्लोथोरॅक्स या पंखहीन प्रजातीच्या २३९ जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी ११६ जाती माउई बेटावरच्या हालेआकाला या एका ज्वालामुखीवर सापडतात. कोणी ओल्या शेवाळात, कोणी झाडाच्या सालीखाली, कोणी पानांच्या बेचक्यांत, अशी त्यांनी पर्वताची आपसांत वाटणी केलेली आहे. काही जातींचा तर सारा मुलूख म्हणजे डोंगराचा एखादाच उतार. त्याच हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर. सी. एल. पर्किन्स या संग्राहकाने पाहिले, की परदेशांतून आलेली मोठ्या डोक्याची मुंगी सखल भागात जेथे जेथे पसरली तेथून मूळचे भुंगेरे समूळ नाहीसे झाले. मिरासदाराच्या परीक्षेचा काळ येथून सुरू होतो.

या परीक्षेचा सर्वांत सविस्तर दाखला दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलिना या बेटाचा आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा अनपेक्षितपणे गोव्याला येऊन पोहोचतो. सुमारे १२२ चौरस किलोमीटरांचे हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून १,९०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंपरा सांगते, की १५०२ साली हिंदुस्थानाहून परतणाऱ्या जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज नाविकाला ते प्रथम दिसले. पुढे १५१२ साली गोव्यातील बाणस्तारीच्या किल्ल्याचा पाडाव झाला तेव्हा आदिलशाहीचा सरदार रसूलखान याच्या पक्षाला मिळालेले काही पोर्तुगीज शिपाई गव्हर्नर आल्बुकर्कच्या हाती लागले. त्यांना जिवे न मारण्याचे वचन दिलेले असल्यामुळे त्यांची नाके, कान व हात छाटण्यात आले. त्यांपैकी फेर्नांव लोपेस हा मायदेशी जात असता १५१६ च्या सुमारास सेंट हेलिनावर उतरून राहिला आणि, मध्ये एकदा पोर्तुगालला व रोमला जाऊन आल्याचा अपवाद सोडल्यास, १५४५ मध्ये मरेपर्यंत तेथेच एकांतात राहिला. बेटाचा हा पहिला ज्ञात रहिवासी. त्याने फळझाडे लावली, जनावरे पाळली. येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांनीही तेथे ताज्या मांसाची सोय म्हणून शेळ्या सोडल्या, आणि १५८८ साली इंग्रज दर्यावर्दी कॅव्हेंडिश तेथे आला तेव्हा शेळ्यांचे हजारोंचे कळप डोंगरांवर चरत होते.

१६५९ साली, म्हणजे मुंबई ताब्यात येण्याच्या नऊ वर्षे आधी, बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसला. पूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांना पाणी व भाजीपाला पुरविणारा हा थांबा, आणि त्या प्रत्येक जहाजाबरोबर काहीतरी उतरत गेले : उंदीर, घुशी, गोम, तण, पुढे हिंदुस्थानी साळुंकीसुद्धा. ‘ग्रेट वुड’ या नावाने ओळखले जाणारे मोठे अरण्य शेळ्या-डुकरांनी खाऊन टाकले. जुनी झाडे वठत गेली आणि कोवळी रोपे वर येण्यापूर्वीच कुरतडली जाऊ लागली. मोकाट जनावरे नष्ट करण्याचा हुकूम १७३१ साली सुटला तेव्हा वेळ टळून गेली होती. डार्विन जुलै १८३६ मध्ये बेटावर आला तेव्हा त्याने या अरण्यनाशाची हकिकत लिहून ठेवली आहे.

या बेटाच्या पूर्वेकडील कोरड्या, उघड्या पठारावर ॲप्लोथोरॅक्स बर्चेली हा भूचर भुंगेरा राहत असे. तीन सेंटिमीटरांहून मोठा, काळा, पंखहीन आणि निशाचर. १८०५ ते १८१० या काळात बेटावर राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्चेल याचे नाव त्याला देण्यात आले. त्याचे नाते कॅलोसोमा या पंखवाल्या भुंगेऱ्यांशी आहे. ते सुरवंटांचे इतके नामांकित शिकारी, की त्यांतील एक युरोपीय जाती १९०५ पासून अमेरिकेत झाडे ओरबाडणाऱ्या जिप्सी पतंगाच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम नेऊन सोडण्यात आली. अशा फिरत्या घराण्यातील एक शाखा सेंट हेलिनावर स्थिरावली, तिने पंख टाकले, अंग वाढविले आणि बेटावरच्या कीटकसृष्टीतील बलाढ्य शिकाऱ्यांत स्थान मिळविले. वृद्ध होत चाललेला वॉलस्टन १८७५-७६ मध्ये सहा महिने या बेटावर राहिला. त्याच्या १८७७ च्या ग्रंथात भुंगेऱ्यांच्या २०३ जातींची नोंद असून त्यांपैकी १२९ त्याने मूळच्या मानल्या. ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी तो निवर्तला. १९६५ ते १९६७ या काळात बेल्जियमच्या संशोधकांनी बेटावर मोहिमा केल्या, तेव्हा बर्चेलीचे जिवंत नमुने मिळाले. त्यानंतर अनेकदा शोध झाला; जिवंत भुंगेरा कोणाच्याही हाती लागला नाही.

त्याच पठारावर त्याचा एक शेजारी होता : शेपटीला चिमटा असलेल्या किड्यांच्या गणातला लॅबिड्युरा हर्क्युलियाना, त्या गणातील सर्वांत मोठा कीटक, ज्याचे नमुने आठ सेंटिमीटरांपर्यंत भरले. तोही १९६७ नंतर जिवंत दिसला नाही, आणि २०१४ साली तो अधिकृतपणे नामशेष ठरला. त्याच्या नाशाच्या कारणांत उंदरांबरोबर व बाहेरून आलेल्या गोमेबरोबर एक साधे कारण सांगितले जाते, की पठारावर पसरलेले दगड लोकांनी बांधकामासाठी उचलून नेले. मनुष्याच्या दृष्टीने ती पडीक जमीन होती आणि दगड फुकटचा माल होता. दगडाखाली राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते घर, कोठार आणि उन्हापासूनचा एकमेव आडोसा होता. अरण्य तुटले तर त्याचा बोभाटा होतो, दप्तरात नोंद होते, हुकूम निघतात. माळावरचे दगड हलले तर त्याची दखल घेणारे खातेच कोठे नसते. त्या पूर्वेकडील भागातल्या प्रॉस्परस बे प्लेन या मैदानावर पुढे विमानतळ झाला आणि २०१७ साली नियमित वाहतूक सुरू झाली. कामाआधी तेथल्या कीटकांची पाहणी झाली हे खरे, आणि ते स्तुत्यही आहे. पण बर्चेलीच्या दृष्टीने ती पाहणी फार उशिरा आली.

एवढ्यावरून मूळचा तो साधू आणि बाहेरचा तो चोर असा सरधोपट निवाडा कोणी करू नये, म्हणून या अभ्यासात केर्गेलेन बेटांचे प्रकरण मुद्दाम घेतले आहे. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या या थंड, वादळी फ्रेंच बेटांवर मूळचा एकही शिकारी भूचर भुंगेरा नव्हता. तेथल्या माश्यांनीसुद्धा पंख टाकलेले होते, आणि सडक्या शैवालात व ‘केर्गेलेन कोबी’ या वनस्पतीच्या आडोशाने त्या निर्धास्त चालत असत. १९१३ साली फॉकलंड बेटांतून मेंढ्या आणल्या गेल्या, आणि त्यांच्या चाऱ्याबरोबर मेरिझोडस सोलेडॅडिनस हा काही मिलिमीटरांचा भूचर भुंगेरा पोर-कुव्रो येथे उतरला. मेंढपाळीचा तो व्यवसाय बुडाला, माणसे निघून गेली, भुंगेरा राहिला. कित्येक दशके तो उतरल्या जागेच्या आसपासच होता. पुढे बेटांचे तापमान वाढू लागले आणि रसदीच्या ने-आणीतून त्याला वाहनही मिळाले, तसा तो किनाऱ्या-किनाऱ्याने पसरत गेला. जेथे त्याचा अंमल बसला तेथे माश्यांच्या अळ्या तो खाऊन टाकतो आणि पंखहीन माश्या दुर्मीळ होत जातात. दक्षिण जॉर्जिया बेटावर याचा एक भाऊबंद, ट्रेचिसिबस अंटार्क्टिकस, शिरला. तेथील मूळच्या हायड्रोमेडिऑन या भुंगेऱ्याची संख्या घटली, आणि उरलेल्या प्रौढांचा आकारही पूर्वीपेक्षा मोठा झालेला आढळला. हे दोन्ही आक्रमक स्वतः उडू शकत नाहीत. फॉकलंडमध्ये जो मिरासदार म्हणून निमूट नांदत होता तोच दुसऱ्याच्या गावात शिरल्यावर लुटारू ठरला, आणि त्याचे शरीर, स्वभाव व भूक यांत यत्किंचितही फरक पडलेला नव्हता. जीवाची भूमिका त्याच्या अंगच्या गुणांवर जितकी अवलंबून, तितकीच तो कोणाच्या शेजारी आणि किती काळ राहिला यावरही अवलंबून असते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. प्रथम शरीररचना व जीवनक्रम, नंतर पंखांचा वाद, नंतर आहार व जीवव्यवस्थेतील स्थान, आणि अखेरीस सेंट हेलिना, हवाई, सादो, केर्गेलेन व दक्षिण जॉर्जिया या बेटांच्या स्वतंत्र हकिकती. जातींची शास्त्रीय नावे देवनागरीत जशीच्या तशी ठेवली आहेत. ज्या प्राण्यांना मराठी माणसाने कधी पाहिलेले नाही त्यांना ओढूनताणून नवी नावे देण्यात लाभ नाही, असे आम्हांस वाटते. शास्त्रीय तपशील जेथे कंटाळवाणा होईल तेथे तो आटोपता घेतला असून जेथे प्रत्यक्ष निरीक्षण आहे तेथे हात आखडता घेतलेला नाही.

एक व्यावहारिक निष्कर्ष मात्र येथेच सांगून ठेवणे इष्ट. नाहीसा झालेला मिरासदार परत आणता येत नाही, आणि पसरलेला भुंगेरा किंवा मुंगी बेटावरून पुसून टाकणे जवळजवळ अशक्य असते. जे शक्य आहे ते बंदरावरच. चाऱ्याची गासडी, रोपांची कुंडी, बांधकामाची वाळू यांची तपासणी हे बेटाच्या संरक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन आहे. न्यूझीलंडच्या ज्या लहान बेटांवरून उंदीर हटविण्यात आले तेथे मोठे पंखहीन कीटक पुन्हा वाढीस लागल्याचे दिसले आहे. तेव्हा मूळ वंश अजून शिल्लक असेल तर प्रयत्न वाया जात नाहीत. उशीर न करणे हीच यातली मुख्य अट.

वाचकांपैकी जे विद्यार्थी असतील त्यांना शेवटी एक विनंती आहे. सेंट हेलिनाविषयी आपल्याला आज जे सांगता आले ते बर्चेलसारख्या, वॉलस्टनसारख्या माणसांनी वेळीच दगड उलथून पाहिले आणि जे दिसले ते लिहून ठेवले म्हणून. आपल्या सड्यांवर, घाटमाथ्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या लहान बेटांवर कोणते भूचर भुंगेरे राहतात, कोणत्या महिन्यात दिसतात, काय खातात, याच्या नोंदी करण्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जमिनीत तोंडाबरोबर पुरलेला एक पेला, भिंग, वही आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. नोंद करताना स्थळ, तारीख आणि जागेचे वर्णन कधीही गाळू नये, नमुने गरजेपुरतेच घ्यावे, पुरलेले पेले काम संपताच काढून टाकावे, आणि जो दगड उचलून पाहिला तो होता तसा पुन्हा जागेवर ठेवावा.